वकिलाविरुद्ध गाऱ्हाणे कोठे मांडावे?

गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारा शेतकरी माझ्या ओसरीवर येऊन बसला. कोरपना तालुक्यातलाच. त्याचा धुऱ्याचा दावा कोर्टात होता. पाणी प्याला आणि बोलू लागला.

“गुरुजी, वकीलसाहेब म्हणते, पेशी वाढली. तीन वर्सं झाली, पेशीच वाढून राहिली. अन् कोर्टातला बाबू म्हणते, तुमचा दावा कवाचाच खारीज झाला, पेशीला कोणीच आलं नाही म्हणून. कागद मागतले तर वकील म्हणते, आधी बाकीची फी दे. आता मी काय करू?”

मी मॅट्रिक शिकलेला माणूस. कायद्याचा पंडित नव्हे. सारा जन्म शाळेत गेला. पण म्हाताऱ्याला हात हलवीत परत कसे पाठवायचे? म्हणून चार जाणत्यांना विचारले, कायद्याचे पुस्तक आणून वाचले. जे कळले ते तुम्हांला सांगतो. वेळ कोणावरही येते.

पहिली गोष्ट ही की, वकिलावरही देखरेख आहे. वकिली करायला सनद लागते. ती सनद राज्याची बार कौन्सिल देते. आपली कौन्सिल महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांची मिळून एक आहे. तिची कचेरी मुंबईस आहे. जी सनद देते तीच ती काढूनही घेऊ शकते. हे सारे 1961 सालच्या वकिलांच्या कायद्यात लिहिले आहे. या कायद्याच्या 35व्या कलमाखाली कोणाही माणसाला वकिलाच्या गैरवागणुकीची तक्रार कौन्सिलकडे करता येते.

आता गैरवागणूक कशाला म्हणावे? दावा हरला म्हणजे वकील वाईट, असे नाही. दोन पक्षांपैकी एक हरणारच. वकिलाच्या हातून साधी चूक झाली, त्याचा सल्ला चुकला, एवढ्यानेही त्याची सनद जात नाही. डॉक्टरचाही अंदाज कधी चुकतोच. पण अशिलाचे पैसे दाबून ठेवणे, दोन्ही बाजूंकडून काम घेणे, न सांगता पेशीला जाणे सोडून देणे, खोटे सांगणे ही गैरवागणूक होय. “दावा जिंकला तर चौथा हिस्सा माझा,” असा करारही वकिलाला करता येत नाही. आपल्याकडे पुष्कळांना हे ठाऊक नसते. उलट तसा वकील मिळाला म्हणजे ते खूश होतात. अशिलाकडून आलेल्या पैशांचा हिशेब वकिलाने ठेवावा, अशिलाच्या नावाने कोर्टातून किंवा दुसरीकडून रक्कम आली तर त्याला लवकर कळवावे, आणि मागितल्यास हिशेबाची नक्कल द्यावी, असाही नियम आहे.

कागद अडवून ठेवण्याचे काय? भोपाळच्या एका बँकेचा वकील असाच अडून बसला होता. फी द्या, मग कागद देतो, म्हणाला. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. 2000 साली न्यायालयाने निकाल दिला की, वकिलाला फीसाठी अशिलाचे कागद अडवता येत नाहीत. फी बाकी असेल तर ती वसूल करण्याचे दुसरे मार्ग त्याला मोकळे आहेत. कागद अशिलाचे आहेत. त्या वकिलाला ताकीद मिळाली. हे मी म्हाताऱ्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मंग माये कागद मायेच ना?” म्हटले, “तुझेच.”

दुसरी हकिकत उत्तर प्रदेशातली आहे. ती ऐकताना आपल्या गावांची आठवण होईल. इकडे सिमेंटचे कारखाने आले, कोळशाच्या खाणी आल्या, कितीकांच्या जमिनी गेल्या. तिकडेही एका गरीब, निरक्षर म्हाताऱ्याची जमीन सरकारने घेतली. मोबदल्याचे 8,118 रुपये कोर्टात जमा झाले. त्याच्या वकिलाने 1987 साली अर्ज करून ती रक्कम उचलली आणि म्हाताऱ्याला कळूही दिले नाही. पुढे म्हाताऱ्याने तक्रार केली. तेव्हा वकील म्हणाला, माझी फी कापून पैसे केव्हाच दिले. एवढ्यावर तो थांबला नाही. आमचा समझोता झाला, असे म्हाताऱ्याच्या नावाचे प्रतिज्ञापत्रही त्याने हजर केले. कौन्सिलला शंका आली. तिने म्हाताऱ्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, हा कागद माझा नव्हे. वकिलाची सनद तीन वर्षांसाठी बंद झाली. वकिलाने त्यावर सर्वोच्च न्यायालयात अपील केले, आणि तेथे त्याच्यावर उलटले. तीन वर्षे ही शिक्षा थोडी आहे, असे म्हणून 2002 साली न्यायालयाने त्याचे नाव वकिलांच्या यादीतून कायमचे काढून टाकले. रक्कम आठ हजारांची, पण गेली ती सारी वकिली.

तक्रार कशी चालते ते पाहू. ती लेखी द्यावी लागते. खाली सही किंवा अंगठा, आणि लिहिलेले खरे आहे असे प्रमाणित करणे. थोडी फी भरावी लागते. तक्रारीत दम आहे असे कौन्सिलला वाटले तर ती शिस्त समितीकडे जाते. समितीत तिघे असतात आणि तिघेही वकीलच. “म्हणजे चोराची चौकशी चोराच्या भावाकडे!” असे आमच्या पारावर कोणी तरी बोललेच. या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण मुंबईची एक गोष्ट त्यांनाही सांगितली. फौजदारी कोर्टांच्या दारात काही वकील उभे राहून येणाऱ्या अशिलांना ओढत, त्यांच्यासाठी आपसांत झोंबत. महाराष्ट्राच्या कौन्सिलनेच त्यांना शिक्षा केली. दिल्लीच्या वरच्या कौन्सिलने त्यांना सोडले, तेव्हा आपली कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. लोकांचे हित राखणे हे कौन्सिलचे काम आहे, म्हणून तिला अपील करता येते, असे न्यायालयाने 1975 साली ठरवले.

समिती वकिलाला नोटीस देते आणि दोन्ही बाजू ऐकते. कोर्टासारखीच ती साक्षीदार बोलावू शकते, शपथ देऊ शकते, कागद मागवू शकते. आरोप सिद्ध करण्याचा भार तक्रार करणाऱ्यावर असतो आणि पुरावा भक्कम लागतो, कारण माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. म्हणून पावत्या, पत्रे, मोबाईलवरचे निरोप जपून ठेवावे. फी दिली तर पावती मागायला लाजू नये. आपण किराणा घेताना मागतो, वकिलापाशी मात्र तोंड उघडत नाही.

शेवटी समिती तक्रार फेटाळते, किंवा ताकीद देते, किंवा काही काळ सनद बंद करते, किंवा नाव काढून टाकते. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीच्या भारतीय बार कौन्सिलकडे जाते. राज्याच्या समितीचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत दिल्लीच्या कौन्सिलकडे, आणि तिथून पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते. आणखी एक ध्यानात ठेवा. मधेच कोणी दबाव आणून तक्रार मागे घ्यायला लावली, तरी तेवढ्या कारणाने चौकशी बंद होत नाही.

मात्र समिती तुम्हांला नुकसानभरपाई देत नाही आणि बुडालेला दावाही उभा करीत नाही. त्यासाठी त्याच कोर्टात, उशीर का झाला ते सांगून, दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज निराळा द्यावा लागतो. पैसे खाल्ले असतील तर पोलिसांत जाता येते किंवा वसुलीचा दावा लावता येतो. ग्राहक आयोगात जाता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. डॉक्टरांविरुद्ध जाता येते; 1995 साली तसे ठरले. पण वकिलांना तो कायदा लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला. इंग्लंडात दोन दारे आहेत. वकिलाने काम नीट केले नाही, वेळेवर कळवले नाही, अशी गाऱ्हाणी एका अधिकाऱ्याकडे जातात आणि तो भरपाईही देववू शकतो. लबाडीची प्रकरणे निराळ्या न्यायाधिकरणापुढे जातात. आपल्याकडे पहिले दार नाही. ते असायला हवे होते, असे मला वाटते.

नवा वकील कोठून आणायचा, हाही म्हाताऱ्याचा प्रश्न होताच. तो जातीने गोंड. अनुसूचित जातीजमातींचे लोक, स्त्रिया, मुले, अपंग यांना मिळकत न पाहता फुकट वकील मिळतो. इतरांना मिळकतीची मर्यादा आहे. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा 15100 या नंबरावर फोन करावा.

आम्ही आधी जुन्या वकिलाला साधे पत्र लिहिले: कागद परत करावे. 2000 सालच्या निकालाचा उल्लेख केला. आठ दिवसांत कागद आले. दावा पुन्हा चालू करण्याचा अर्ज नव्या वकिलाने कोर्टात दिला आहे. तक्रार मी लिहिली, त्याला दोनदा वाचून दाखवली, त्याने एक वाक्य खोडायला लावले. “शिव्या देल्ल्या, असं नोका लिहू. शिव्या नाही देल्ल्या त्यानं. खरं तेवढंच लिहा.” मग सहीच्या जागी तो अंगठा लावायला निघाला, तेव्हा मी थांबवले. दोन महिने साक्षरता वर्गाला येत होता. हळूहळू, जिभेचे टोक दातांत धरून, त्याने आपले नाव लिहिले. तक्रार स्पीड पोस्टाने मुंबईस गेली. पावती त्याने सातबाऱ्याबरोबर पेटीत ठेवली आहे.