पाऊस पडला किती, मुरला किती

महाराष्ट्रात पाण्याचा हिशेब धरणांच्या टीएमसीत होतो, नाहीतर नाल्यातून उपसलेल्या गाळाच्या घनमीटरमध्ये. पाऊस मात्र आधी शेतावर पडतो. नाला, बंधारा, शेततळं यांच्या वाट्याला येतं ते मुख्यतः मातीने न घेतलेलं पाणी. हेक्टरभर जमिनीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. तासाभरात ५० मिलिमीटरची सर कोसळली, तर हेक्टरी ५ लाख लिटर पाणी येऊन ठेपतं. त्यातलं किती आत उतरणार आणि किती बांध फोडून वाहून जाणार, हे बरंचसं वरच्या चार बोटं मातीच्या घडणीवर ठरतं. ही घडण नांगराने टिकत नाही. ती गांडुळं, बुरश्या, जिवाणू, वाळवी आणि मुळं मिळून करतात आणि राखतात. म्हणून मातीतली जीवसृष्टी केवळ निसर्गप्रेमींवर न सोडता जलसंधारणाच्या कामांतच धरली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

यातलं विज्ञान काचेच्या दोन पेल्यांत दिसतं. वर्षानुवर्षं नांगरलेल्या वावरातलं एक ढेकूळ आणि शेजारच्याच गवताळ बांधावरचं एक ढेकूळ सावलीत पूर्ण वाळवावं आणि अलगद पाण्यात सोडावं. वावरातलं बहुधा बुडबुडे सोडत काही मिनिटांत विरतं आणि पाणी गढूळ होतं. बांधावरचं बराच वेळ आकार धरून राहतं. माती एकच, फरक ती बांधणाऱ्यांचा. बुरशीचे तंतू बारीक कणांना जाळ्यात धरतात, जिवाणूंचा चिकट स्राव त्यांना सांधतो, गांडुळाची विष्ठा एकदा वाळली की पाण्यातही सहजी फुटत नाही. हे बंध नसले, तर पावसाच्या थेंबांनी ढेकळं फुटतात, सुटलेले कण छिद्रांत जाऊन बसतात, वर खपली धरते आणि पुढचा पाऊस तिच्यावरून निसटतो. काळ्या जमिनीच्या उन्हाळी भेगा पहिला पाऊस गटागटा पितात हे खरं, पण माती भिजून फुगली की भेगा मिटतात. मग ऐन पावसाळ्यात पाण्याला खाली जायला गांडुळांची बिळं आणि कुजलेल्या मुळांच्या पोकळ्या फार मोलाच्या ठरतात. बुर्किना फासोमधल्या याकुबा सावादोगो यांनी तर वाळवीलाच कामाला लावलं. टणक जमिनीत छोटे खड्डे करून त्यांत शेणखत घालायचं. खताच्या मागे वाळवी येते, जमीन पोखरते आणि त्या भोकांतून पाणी उतरतं. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. वाळवीला अर्थातच नाही.

या विषयावर उत्साहाच्या भरात अवास्तवही बरंच बोललं जातं. सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढवा, जमीन लाखो लिटर जास्त पाणी धरेल, हे त्यातलंच. मिनास्नी आणि मॅकब्रॅटनी या मृदाशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र तपासल्या. कर्ब १ टक्क्याने वाढला, तर १०० मिलिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिलिमीटरनेच वाढतं, असं त्यांना आढळलं. चिकणमातीत परिणाम आणखी कमी. वरचे ३० सेंटिमीटर धरले तरी हेक्टरी साधारण ३५ हजार लिटर होतात, आणि आपल्याकडच्या उष्ण कोरडवाहू जमिनीत कर्ब टक्क्याने वाढवणं दोन-चार हंगामांत होत नाही. हा आक्षेप पूर्ण मान्य करूनही माझा मुद्दा उरतो. काळी माती मुळातच मोठा रांजण आहे. मातीतले जीव तो मोठा करत नाहीत, त्याचं तोंड मोकळं ठेवतात. खपली न धरल्यामुळे एका सरीतले २० मिलिमीटर जास्तीचे आत गेले, तर हेक्टरी २ लाख लिटर झाले, आणि जमिनीत जागा असेल तोवर ही संधी प्रत्येक जोरदार सरीला मिळते. ऑगस्टमध्ये पावसाने पंधरवडाभर खंड दिला, की सोयाबीनच्या शेंगा भरणार की नाहीत हे याच ओलीवर ठरतं.

उत्पादनाचं गणितही असंच अटींचं आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात गांडुळं असलेल्या मातीत पिकाचं उत्पादन सरासरी २५ टक्के जास्त निघालं. कारण काडीकचऱ्यात अडकलेलं नत्र ती मोकळं करतात. जिथे कचरा भरपूर परत घातला होता तिथे फायदा मोठा होता. जिथे नत्राची आधीच रेलचेल होती तिथे तो मावळला. म्हणजे गांडुळाला आधी खायला हवं. गांडूळखताच्या बेडमधली गांडुळं पोतंभर आणून शेतात सोडणं हा बहुधा वाया जाणारा खर्च आहे. ती शेणाच्या ढिगात राहणारी जात, कोरड्या वावरात तिचा निभाव लागत नाही.

नांगर ठेवून दिला की तण माजतं आणि उतारा घटतो, ही शेतकऱ्याची शंका रास्त आहे. २०१५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या विश्लेषणात विनानांगरणी शेतीचं उत्पादन सरासरीने कमीच भरलं. पण कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत, अवशेषांचं आच्छादन आणि पिकांची फेरपालट सोबत असताना, ते ७.३ टक्क्यांनी वाढलं. नुसता नांगर थांबवणं हे अर्धवट काम आहे. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या भात पद्धतीत गादीवाफे एकदाच करतात, चिखलणी टाळतात आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवतात. मात्र तिथे तणनाशक वापरतात, आणि ते न वापरता तण आवरायचं कसं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आच्छादन आणायचं कुठून, हा प्रश्नही खराच. ज्वारीचा कडबा गुरांच्या तोंडून काढून जमिनीला घालायला कोणी सांगू नये. पण हेक्टरी ८ ते १० टन उसाचं पाचट काडी लावून पेटवलं जातं, तेव्हा तिथे गुरांचा वाटा नसतो.

पाणलोटाच्या कामांत जमिनीत पाणी किती मुरतं याची नोंद घेणं अवघड नाही. ठरलेल्या मापाचं लोखंडी कडं जमिनीत थोडं ठोकायचं, त्यात मोजून पाणी ओतायचं आणि ते जिरायला लागलेला वेळ लिहायचा. गावातल्या दहा-वीस वावरांत हे दरवर्षी सारख्याच ओलीवर केलं, तर कुठली जमीन सुधारते आहे हे ग्रामसभेतच दिसेल, आणि नाला खोलीकरणाच्या निधीतला काही भाग पाचट कुट्टी करणाऱ्या यंत्रांकडे वळवायचा का, हे आकडे समोर ठेवून ठरवता येईल.