रोगांची मोजदाद व तिचा खर्च

गतवर्षीं सहामाही परीक्षेच्या सुमारास आमच्या वर्गांतील एक हुशार विद्यार्थी तीन आठवडे शाळेंत आला नाहीं. चौकशी करितां कळलें, कीं त्याच्या आईस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला असून तिला गांवाहून येथील रुग्णालयांत आणिलें आहे. आम्ही भेटावयास गेलों, तेव्हां ती माउली म्हणाली, "गुरुजी, दुखत नव्हतें, म्हणून कोणाला दाखविलें नाहीं." त्याच महिन्यांत आमच्या परिचयाच्या, शहरांत राहणाऱ्या एका बाईंस हाच रोग प्रथमावस्थेंत असल्याचें कळलें, व त्या उपचार घेऊन बऱ्या झाल्या. मुलाची आई उन्हाळ्यांत निवर्तली. पुढें त्या मुलानें आम्हांस विचारलें, "रोग एकच, औषधही एकच, मग असें कां व्हावें?" या प्रश्नाचें उत्तर आपल्याच प्रांतांत काय काय करून शोधण्यांत आलें, व त्यास पैसा कां लागतो, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ही गोष्ट ध्यानांत धरावी, कीं डॉक्टरांस दवाखान्यांत आलेलाच रोगी दिसतो. जो आलाच नाहीं, तो कोणाच्याही हिशेबांत धरला जात नाहीं. म्हणून एखाद्या मुलखांत कोणता रोग कोणास होतो हें जाणावयाचें, तर त्या मुलखांतील प्रत्येक रोग्याची नोंद ठेवावी लागते. अशी कर्करोगाची नोंदवही इंडियन कॅन्सर सोसायटीनें १९६३ सालीं मुंबईस सुरू केली, व १९७८ सालीं ती आपल्या या छत्रपती संभाजीनगर शहरांतही, त्या वेळच्या औरंगाबादेंत, आली. परंतु या नोंदवह्या शहरांच्या होत्या. खेड्यांची पहिली नोंदवही १९८७ सालीं बार्शी येथें निघाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडींपाडीं तिच्या कक्षेंत घेण्यांत आलीं. रोगी आपण होऊन येणार नाहीं हें जाणून तेथील कार्यकर्ते गांवोगांव हिंडले, जाणत्या माणसांस भेटले, रोगाचीं लक्षणें समजावून सांगूं लागले आणि संशय येईल त्यास रुग्णालयाची वाट दाखवूं लागले.

या मोजदादींत दोन गोष्टी दिसून आल्या. खेड्यांत एकंदर कर्करोग मुंबईपेक्षां पुष्कळ कमी होता. परंतु स्त्रियांच्या रोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग तेथें सर्वांत पुढें होता, आणि बहुतेक स्त्रिया रोग हाताबाहेर गेल्यावरच येत होत्या. दुसरी गोष्ट आशेची होती. लक्षणांची माहिती घरोघर पोहोंचूं लागल्यावर थोड्याच वर्षांत लवकर येणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण वाढलें. नवें यंत्र नाहीं, नवें औषध नाहीं. केवळ कोणी तरी दारीं जाऊन सांगितलें, एवढाच काय तो फरक!

मग प्रश्न आला, कीं रोग होण्यापूर्वींच तपासणी केली तर किती जीव वांचतील? हें पाहण्याकरितां टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था यांनीं १९९९ सालीं आपल्या मराठवाड्यांतील धाराशिव, म्हणजे पूर्वींच्या उस्मानाबाद, जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग आरंभिला. खर्चाचा भार अमेरिकेंतील गेट्स प्रतिष्ठानानें उचलला. खेड्यांचे ५२ समूह करून तीस ते एकुणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया चार गटांत विभागल्या. तीन गटांत तपासणीच्या तीन निरनिराळ्या रीती योजिल्या. चौथ्या गटांत नेहमीचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षें या स्त्रियांचा मागोवा घेतला, व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या रोगास कारण होणाऱ्या एचपीव्ही नांवाच्या विषाणूची तपासणी ज्या गटांत एकदांच केली, त्यांत या रोगानें ३४ स्त्रिया दगावल्या. ज्या गटांत तपासणी झाली नाहीं, त्यांत ६४. पहिला गट संख्येनें कांहींसा मोठा असूनही मृत्यु जवळजवळ निम्मे!

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं १९९८ पासून दुसरा प्रयोग चालविला. त्यास अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनें द्रव्यसाह्य दिलें. तेथें दहावीपर्यंत शिकलेल्या बायांस चार आठवडे शिकवून तयार केलें. गर्भाशयमुखास शिरक्यासारखें पातळ आम्ल लावावयाचें, क्षणभर थांबावयाचें, आणि कोठें पांढरा डाग उमटतो काय तें पाहावयाचें, एवढीच ती तपासणी. सुमारें दीड लक्ष स्त्रिया व बारा वर्षें, इतक्या श्रमानंतर सिद्ध झालें, कीं या रीतीनें या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं घटतात.

येथें चतुर विद्यार्थी विचारील, कीं आम्ल तर कवडीमोलाचें. मग एवढा पैसा गेला कोठें? तो गेला दारोदार फिरणाऱ्या माणसांच्या वेतनांत, गाड्यांच्या तेलांत, प्रयोगशाळेंत, आणि मुख्यत्वें प्रत्येक स्त्री पुढें वर्षांमागून वर्षें कशी आहे हें विचारण्यांत. आम्ल स्वस्त असलें, तरी त्यानें जीव वांचतो ही खात्री स्वस्त नसते; आणि खात्री झाल्यावांचून सरकारनें लक्षावधि स्त्रियांकरितां एखादी रीत स्वीकारणें उचित नव्हे.

या विषमतेचें पारडें नेहमीं गरिबाकडेच झुकतें, असेंही समजूं नये. पूर्वीं आपल्याकडे एक ते तीन वर्षांचीं मुलें यकृताच्या एका असाध्य रोगानें दगावत. पोट फुगे, कावीळ होई व कांहीं महिन्यांत मूल हातचें जाई. आश्चर्य हें, कीं हा रोग अगदीं दरिद्री घरांपेक्षां दूधदुभतें बाळगणाऱ्या मध्यम स्थितींतील कुटुंबांत अधिक आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनीं इंग्लंडांतील डॉ. टॅनर यांच्या साह्यानें याचा छडा लावला. आजारी मुलांच्या यकृतांत तांबें बेसुमार सांचलेलें होतें. पुढें आजारी मुलांच्या व त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या घरीं तान्हेपणीं बाळास काय पाजलें, व कोणत्या भांड्यांतून, याची तुलना केली. कल्हई नसलेल्या वा उडालेल्या पितळी भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें गाईम्हशीचें दूध बाळांस फार लवकर सुरू केलेलें होतें. भांड्यांतील तांबें त्या दुधांत उतरत होतें. आईनें मायेनें पाजलेलें दूधच बाळास बाधत होतें! घरोघर पोलादी भांडीं आल्यावर हा रोग जवळजवळ नाहींसा झाला.

याच्या उलट प्रकार १९७४ सालीं राजस्थान व गुजरात यांच्या सीमेवरील आदिवासी खेड्यांत घडला. अवेळीं पावसानें मक्यास बुरशी आली. ज्यांच्या घरीं दुसरें धान्य नव्हतें, त्यांनीं तोच मका खाल्ला. कावीळ व जलोदर होऊन ३९७ रोग्यांपैकीं १०६ मरण पावले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं त्या मक्यांत अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष दाखविलें. हेंच विष थोडें थोडें पुष्कळ वर्षें पोटांत गेलें, तर यकृताचा कर्करोग होतो. येथें रोगाचें मूळ बुरशींत होतें. पण ती कोणाच्या पोटांत जावी, हें दारिद्र्यानें ठरविलें.

धाराशिवच्या प्रयोगावर एक गंभीर आक्षेप घेण्यांत आला, तो लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तपासणीनें जीव वांचतो असा कयास असतां चौथ्या गटास त्यावांचून कां ठेविलें? विद्वानांत यावर मतभेद आहे, व आम्ही त्याचा निवाडा करण्यास समर्थ नाहीं. परंतु एवढें आम्हांस स्पष्ट दिसतें, कीं जें ज्ञान मराठवाड्याच्या स्त्रियांनीं आपल्या आयुष्याचीं वर्षें देऊन जगास मिळवून दिलें, तें प्रथम त्यांच्याच लेकीसुनांच्या उपयोगीं पडलें पाहिजे. तें तसें न झाल्यास सर्व खर्च व्यर्थ होय. आणि हेंही खटकतें, कीं या दोन्ही मोठ्या प्रयोगांचा पैसा समुद्रापलीकडून आला. जो पैसा देतो, तो कोणता प्रश्न विचारावयाचा हेंही पुष्कळदां ठरवितो. आपल्या खेड्यांचे प्रश्न आपण विचारावयाचे, तर त्यांचा खर्चही आपणच उचलावयास शिकलें पाहिजे.

आपल्या शहरांत २०१२ सालापासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पालकांस आमची विनंती आहे, कीं घरांतील तीस वर्षांवरील स्त्रियांनीं दुखण्याची वाट न पाहतां तपासणी करवावी. बुरशी आलेले शेंगदाणे व मका निःशंकपणें टाकून द्यावा. बाळास काविळीची 'ब' लस चुकवूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कोणी पुढें वही घेऊन गांवोगांव मोजदाद करीत हिंडला, तर त्या कामास हलकें लेखूं नका. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या गांवीं असा एखादा मनुष्य वेळेवर गेला असता, तर कदाचित् त्यास हा प्रश्न विचारण्याची पाळीच आली नसती.