पडा, पण पुन्हा चढा!

सहामाही परीक्षा तोंडावर आणि लेक कॉम्प्युटरवर खेळतेय! माझा पाराच चढला. ‘आई, रागाव हवं तेवढं, पण आधी पाच मिनिटं खेळून बघ,’ ती म्हणाली. बसले. आणि मैत्रिणींनो, पाच मिनिटांत तीसेक वेळा तरी पडले!

खेळाचं नाव ‘सेलेस्ट’, २०१८ साली आलेला. मॅडलिन नावाची मुलगी एकटीच पर्वत चढायला निघते. उड्या मारायच्या, हवेत झेपावायचं, कड्याला धरून चढायचं. पडलं की क्षणात त्याच टप्प्याच्या सुरुवातीला परत. बोलणी नाहीत, दंड नाही. उलट, जितकं पडाल तितकं शिकाल, असंच हा खेळ सांगतो. वाटेत रोपवे अडकतो, मॅडलिनचा जीव घाबराघुबरा होतो. तेव्हा सोबतचा थिओ तिला तरंगतं पीस मनात आणून सावकाश श्वास घ्यायला शिकवतो. फारच जमेना, तर खेळाचा वेग कमी करायचीही सोय आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. पुढचे टप्पे भलतेच अवघड. बोटं दुखून येतात. शिवाय ‘एवढं एकदाच’ म्हणता म्हणता तास कधी जातो कळत नाही. तेव्हा घड्याळ लावूनच मुलांना बसू द्यावं.

पण एक गोष्ट मनाला लागली. वर्गात ‘चुकलं तरी चालेल’ म्हणणारी मी, घरी लेकीच्या गणिताच्या पेपरात फक्त गेलेले मार्क मोजत होते. त्या रात्री तो पेपर पुन्हा काढला. या वेळी तिच्या शेजारी बसून.