लिहून ठेवलेले दान

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या यात्रेत देवापुढे ठेवताना आमच्या भागातला माणूस हात आखडत नाही. पण आपण शिकलो त्या महाविद्यालयाला काही द्यावे, हे सहसा सुचत नाही. सुचले तरी तोंडीच राहते. आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेले गावातले एक गुरुजी नेहमी म्हणत, "माझ्यामागे ही पुस्तकं कॉलेजला द्या." लिहून काहीच ठेवले नव्हते. ते गेले आणि पुस्तके रद्दीत गेली. पोती उचलू लागणाऱ्यांत मीही होतो!

कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. नागपूर विद्यापीठच मुळी १९२३ चे, तेव्हा ते काही तिथले विद्यार्थी नव्हेत. तरी उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी त्यांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला तीस लाखांवर रुपये ठेवले. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. मधली बारा वर्षे दान टिकले ते कागदामुळे.

मृत्युपत्राला मोठी इस्टेटच लागते असे नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक नको. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. हयातीत ते केव्हाही बदलता येते. द्यायचे ते आपल्या मालकीचे असावे, आणि ते ग्रंथालयासाठी की एखाद्या बक्षिसासाठी, हे स्पष्ट लिहावे.

गुरुजींच्या पोत्यातून निसटलेले एक पुस्तक माझ्याकडे आहे. या आठवड्यात ते ग्रंथपालांकडे देतो आहे.