काळी चारवरचा षड्ज

पेटीवर काळी चार दाबा. तिलाच सा माना आणि बिलावलचा सरळ आरोह घ्या. रे काळी पाचवर येतो, गंधार पुढच्या सप्तकातल्या पांढरी एकवर, मध्यम काळी एकवर, पंचम काळी दोनवर, मग पांढरी चार, पांढरी पाच आणि पुन्हा काळी चार. गोव्यातल्या कारापूरच्या विठ्ठल मंदिरात भजनाला बसणारा कुठलाही पेटीवाला हे डोळे मिटून वाजवील. पाश्चात्त्य संगीतात याच सात स्वरांना ‘ए फ्लॅट मेजर’ म्हणतात. याच पट्टीत १८७३ साली विल्यम स्टर्नडेल बेनेट या इंग्रज संगीतकाराने एक पियानो सोनाटा लिहिला. त्याचं नाव ‘द मेड ऑफ ऑर्लिन्स’, ओपस ४६. आज इंग्लंडातसुद्धा तो फारसा कुणी वाजवत नाही.

बेनेटचा जन्म १८१६ साली शेफील्डचा. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. मूल तीन वर्षांचं असतानाच ते गेले. आजोबांनी त्याला केंब्रिजला नेलं. आठव्या वर्षी तो किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदात उभा राहिला आणि दहाव्या वर्षी लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दाखल झाला. विशीत तो लाइपझिगला गेला, तेव्हा मेंडेलसोन आणि शूमान या जर्मन संगीतकारांनी त्याला बरोबरीचा मानला. १८३७ साली मेंडेलसोनच्या लग्नाची भेट म्हणून बेनेटने आपला पहिला पियानो सोनाटा त्याला अर्पण केला. त्याच वर्षी शूमानने आपली ‘सिंफॉनिक एट्यूड्स’ ही मोठी रचना बेनेटला अर्पण केली आणि तिच्या अखेरच्या भागात इंग्लंडचा गौरव करणाऱ्या एका जर्मन ऑपेरातल्या गाण्याची सुरावट गुंफली. विशीतल्या परक्या मुलाला याहून मोठा मान काय मिळायचा!

पुढे शिकवणं, संचलन आणि संस्था यांत बेनेटची वर्षं गेली. बाखचं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ इंग्लंडात पहिल्यांदा उभं केलं ते त्यानेच, १८५४ साली. पहिल्या सोनाट्यानंतर तब्बल छत्तीस वर्षांनी हा दुसरा आला, आणि दोनच वर्षांनी, १८७५च्या फेब्रुवारीत, बेनेट गेला.

सोनाटा म्हणजे तीन-चार भागांची, फक्त वाद्यासाठी लिहिलेली लांब रचना. शब्द नाहीत, गायक नाही. पण बेनेटला इथे गोष्ट सांगायची होती, ती इंग्रजांशी लढलेल्या जोन ऑफ आर्कची; ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ म्हणजे तीच. कीर्तनकार आधी अभंगाचं चरण म्हणतो आणि मग निरूपणाला लागतो, तशी त्याने सोय केली. प्रत्येक भागाच्या माथ्यावर जर्मन नाटककार शिलरच्या तिच्यावरच्या १८०१च्या नाटकातल्या ओळी छापल्या. त्या वादकाने वाचायच्या, म्हणायच्या नाहीत. निरूपण पियानोने करायचं. पहिल्या भागात मेंढ्या राखणारी मुलगी, दुसऱ्यात रणांगण, तिसऱ्यात तुरुंग, चौथ्यात शेवट. इतिहासातली जोन १४३१ साली इंग्रजांच्या ताब्यात असताना रूआँ इथे जिवंत जाळली गेली. शिलरची जोन साखळदंड तोडून पुन्हा रणात उतरते आणि तिथेच मरते. इंग्रजांनीच मारलेल्या फ्रेंच मुलीची व्यथा एक म्हातारा होत चाललेला इंग्रज इतक्या मायेने लिहितो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता पुन्हा पट्टीकडे येऊ, कारण खरं नवल तिथे आहे. आपल्या गाण्यात तंबोरा एकदा लागला की सा हलत नाही; अख्खी मैफल त्याच्या आधाराने उभी असते. सोनाट्यात सा स्वतःच घर सोडतो. बहुतेक वेळा पंचमालाच नवा सा करतात. काळी चार घर असेल तर काळी दोन हे नवं ठिकाण. तिथून आणखी पुढे भटकायचं आणि अखेरीस परत यायचं. ऐकणाऱ्याला पट्ट्यांची नावं कळत नसली तरी आपण घरापासून लांब आलो आहोत हे कानाला कळतं. शब्दांवाचून गोष्ट सांगता येते ती या प्रवासाच्या जोरावर.

हा प्रवास फुकट होत नाही. कुठल्याही पट्टीला सा करता यावा म्हणून सप्तकाचे बारा अगदी सारखे भाग पाडावे लागतात आणि त्यात स्वर जागचे थोडे सरकतात. सा दोनशे कंपनांचा धरा. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गंधार अडीचशेचा येतो, तर समान भागांच्या पेटीवरचा जवळजवळ २५२चा. दोन कंपनं म्हणजे किती थोडी! पण जाणत्या कानाला ती खुपतात. पेटीवर आक्षेप घेणाऱ्यांत एक इंग्रज संगीतकारही होता. मँचेस्टरचा जॉन फोल्ड्स दिल्लीच्या रेडिओत पाश्चात्त्य संगीत सांभाळायचा आणि १९३८ साली त्याने पेटीविरुद्ध लेख लिहिला. १९४०मध्ये ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेर काढलं; दार पुन्हा उघडायला १९७१ साल उजाडलं. बेनेटने ज्या तडजोडीतून चार भागांची वाट काढली, तीच तडजोड आपण पेटीबरोबर घरी आणली, आणि आपला सा तर जागचा हलत नाही. म्हणजे किंमत आपण मोजतो आणि प्रवास पियानो करतो.

दोन वाद्यांत दुसराही फरक आहे, आणि तो मला तितकाच मोलाचा वाटतो. पेटीत भाता हलतोय तोवर स्वर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडली की त्या क्षणापासून स्वर विझायला लागतो. वादकाच्या हाती उरतं ते पायाखालचं पेडल आणि पुढच्या स्वराची वेळ. तिसऱ्या भागाला बेनेटने ‘आदाज्यो पातेतिको’ म्हटलं आहे, म्हणजे विलंबित आणि करुण. विझत जाणाऱ्या स्वरांचा विलंबित सांभाळणं किती कठीण असेल, याचा अंदाज भात्याची सवय असलेल्याला चटकन येईल.

गोव्यात या दोन्ही संगीतपरंपरा शेजारी नांदल्या. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागांत, चर्चच्या शाळांतून पोरांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जाई. डिचोली, सत्तरी, पेडणे हे महाल १७८०च्या दशकात पोर्तुगिजांकडे गेले. तिथलं संगीत देवळात, भजनात आणि नाटकांत वाढलं. पणजीत १९५२ साली अँतोनियो द फिगेरेदो यांनी अकादेमिया द म्युझिका काढली. कारापूर तिथून काही फार लांब नाही, तरी इकडच्या कानाला पियानो लांबचाच राहिला.

हा सोनाटा जिच्यासाठी लिहिला ती पियानोवादक अरबेला गॉडर्ड मात्र हिंदुस्थानात येऊन गेली होती. १८७३ साली ती तीन वर्षांच्या दौऱ्यावर निघाली : अमेरिका, ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान. १८७४च्या जूनमध्ये जावाहून क्वीन्सलंडला परतताना तिचं जहाज खडकावर आपटलं आणि उघड्या होडीत, मुसळधार पावसात तिला रात्र काढावी लागली. त्याच होडीत दोरीवर चालणारा जगप्रसिद्ध ब्लाँडँही होता.

या सोनाट्याच्या विस्मरणाचं कारण मला एवढंच दिसतं की १८७३ साली बेनेट जुना वाटू लागला होता. लिस्ट या संगीतकाराचा बी मायनर पियानो सोनाटा छापून वीस वर्षं होत आली होती. त्या वादळापुढे बेनेटचं मृदू, नेटकं बोलणं कुणाला ऐकू जाणार? मोठ्या आवाजात बोलणं हा त्याचा पिंडच नव्हता. दुसऱ्या भागातलं युद्ध मलाही थोडं कागदी वाटतं. पण मेंढ्या राखणारी मुलगी आणि तुरुंगातली मुलगी ही त्याची खरी माणसं आहेत. हंगेरीच्या इलोना प्रुन्यी यांनी वाजवलेलं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. पहिल्यांदा ऐकताना पेटी जवळ घेऊन बसा, काळी चार धरून ठेवा, आणि पियानोचा सा तिला सोडून कधी निघतो तेवढं पाहा.