रेघ, यंत्र आणि आईची पत्रे



काही दिवसांपूर्वी एका खेड्यातल्या हायस्कुलात व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यान आटोपले, चहा आला, आणि तेथील चित्रकलेचे शिक्षक माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "सर, एक विचारू का? परवा एका पोरानं मोबाईलवर चित्र दाखवलं. दोन ओळी लिहिल्या की यंत्र चित्र काढून देतं म्हणे. मग आम्ही पोरांना रेघ ओढायला कशासाठी शिकवायचं?"

मास्तरांच्या बोलण्यात थट्टा नव्हती, खरी काळजी होती. मी त्या वेळी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परतीच्या एस.टी.त मात्र मला एक बाई आठवल्या, आणि वाटले, मास्तरांना यांची हकीकत सांगायला हवी होती. तीच आज तुम्हां सर्वांना सांगतो.

या बाईंचे नाव व्हेरा मोल्नार. जन्म 1924 सालचा, हंगेरी देशाच्या बुडापेस्ट या राजधानीतला. मृत्यू पॅरिसमध्ये, 7 डिसेंबर 2023 रोजी. शंभरी पुरी व्हायला एक महिनाही उरला नव्हता, आणि तोवर त्यांचे काम चालूच होते. संगणकाच्या साह्याने चित्रे काढणारे जे अगदी पहिले कलावंत जगात झाले, त्यांत त्यांची गणना होते. पण मौज अशी की, व्हेराबाई संगणकासारखा विचार करू लागल्या त्या संगणक पाहण्याच्या पुष्कळ आधी.

लहानपणी त्यांच्या एका काकांनी त्यांना रंगीत खडूंची पेटी दिली होती. बालाटोन नावाचा एक मोठा तलाव हंगेरीत आहे. त्याच्या काठी ही पोर रोज संध्याकाळी बसे आणि मावळत्या सूर्याचे चित्र काढी. काठ, पाणी, आकाश, सूर्य. रोज तेच. तेच तेच खडू झिजू लागले, तेव्हा तिने एक युक्ती केली. काल जे खडू वापरले, त्यांच्या शेजारचे खडू आज घ्यायचे. चित्र तेच, पण रंग एकेक घर सरकलेले. आता पाहा, मनाला येईल तो रंग न घेता आधी एक नियम ठरवायचा, आणि त्या नियमातून काय निघते ते कुतूहलाने बघत बसायचे. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या कामाचे बीज या पोरखेळात आहे.

बुडापेस्टच्या कलाविद्यालयात शिक्षण झाल्यावर 1947 साली त्या पॅरिसला आल्या आणि तेथेच राहिल्या. त्यांचे पती फ्रान्स्वा मोल्नार हे, माणसाचा डोळा चित्राकडे कसा पाहतो, याचा शास्त्रीय अभ्यास करीत. घरात बोलणे चाले तेही याच विषयावर. सुंदर कशाला म्हणायचे? रेघ दोन सुतांनी सरकली तर डोळ्याला काय होते? अशा प्रश्नांची उत्तरे शोधायला प्रयोग हवेत, आणि प्रयोगाला नियम हवेत. म्हणून 1959 च्या सुमारास व्हेराबाईंनी एक "काल्पनिक यंत्र" पत्करले. यंत्र कोठेच नव्हते. त्या कागदावर नियम लिहीत, आणि आपणच यंत्र झालो असे समजून, एकही पायरी न गाळता, हाताने तो नियम पुरा करीत.

हे ऐकून तुम्हांला विचित्र वाटेल. पण दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या माउलीला मुळीच वाटणार नाही. इतके ठिपके, इतक्या ओळी, अमक्या ठिपक्यापासून तमक्या ठिपक्यापर्यंत रेघ, हे सारे तिला तोंडपाठ असते. नियम आधी, चित्र मागाहून. संगणकाला देतात त्या आज्ञावलीचे स्वरूप याहून फारसे निराळे नसते.

1968 साली व्हेराबाईंना खरेखुरे यंत्र मिळाले, तेही पॅरिसच्या एका संशोधन केंद्रातले. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर कपाटे. तो शास्त्रज्ञांच्या हिशेबांसाठी असे. चित्रकाराचे तेथे काम काय? बाई फोरट्रान नावाची संगणकाची भाषा शिकल्या. आज्ञा लिहायची, ती जाड कागदाच्या पत्त्यांवर भोके पाडून उतरवायची, पत्त्यांचा गठ्ठा यंत्रात घालायचा आणि वाट पाहायची. समोर पडदा नव्हता. चित्र कसे झाले, हे प्लॉटर नावाच्या यंत्राने कागदावर पेन फिरवून रेघा ओढल्यावरच कळायचे. आज्ञेत एक स्वल्पविराम चुकला तर सगळा खटाटोप वाया.

त्यांनी यंत्राला काय सांगितले, याचा एक मासला देतो. कागदावर आडव्या-उभ्या ओळींत बारीक बारीक रेघा मांड. मग प्रत्येक रेघ थोडी फिरव. किती फिरवायची? तेथे फाशाच्या दानासारखा, आधी सांगता न येणारा आकडा यंत्राने घ्यावा. शेवटी मधून मधून काही ठिकाणच्या रेघा गाळून टाक. कागदावर उतरते ते वाऱ्याने लोळवलेल्या गवतासारखे, मध्ये मोकळी भगदाडे पडलेले एक रान. "खंड" अशा अर्थाचे नाव त्यांनी या चित्रमालेला दिले. 1974 सालची दुसरी एक चित्रमाला आहे. तीत एकात एक बसणारे चौकोन ओळीने मांडलेले, आणि प्रत्येक चौकोनाचे कोपरे जरासे हललेले. तिचे नाव मोठे मजेदार आहे. फ्रेंच भाषेत "अव्यवस्था" या अर्थाचा शब्द घेऊन त्यांनी त्यातला नकाराचा उपसर्ग तेवढा कंसात टाकला. म्हणजे वाचाल तर व्यवस्था, आणि वाचाल तर अव्यवस्था!

आता कोणी विचारील, हे आकड्यांचे फासे कशासाठी? हाताने वेड्यावाकड्या रेघा ओढता येत नाहीत काय? येतात, पण खरोखरच वेड्यावाकड्या येत नाहीत. वर्गातल्या मुलाला सांगून पाहा, "कागदावर कसेही शंभर ठिपके दे." तो नकळत ते सारख्या अंतरावर पसरतो. हाताला सवय असते, डोळ्याला संस्कार असतात. आपण जे आजवर पाहिले तेच पुन्हा काढतो. यंत्राला सवय नाही. जे आपल्या कधी मनातही आले नसते, असे ते समोर टाकते. व्हेराबाईंना यंत्राचा उपयोग होता तो येथे.

परंतु यंत्राने टाकले ते सारे त्यांनी घेतले असे मात्र नाही. पुष्कळ चित्रे निघत, आणि बाई ती समोर मांडून बघत बसत. एखादे ठेवायचे, बाकीची बाजूला. मग नियम जरा बदलायचा, पुन्हा काढायचे, पुन्हा बघायचे. अगदी नीटनेटके चित्र त्यांना निर्जीव वाटे, आणि अगदी विस्कटलेले नुसता गोंधळ. शंभरात एक भाग अव्यवस्था, या मापाचे त्यांना फार आकर्षण होते. हा एक भाग कोठे पडावा, कोणता ठेवावा, हे ठरवणारा डोळा मात्र त्यांचाच.

त्या काळी लोकांनी त्यांना नावे ठेवली. कलेतला माणूसच तुम्ही काढून टाकला, असा आरोप झाला. बाईंचे म्हणणे नेमके उलटे होते. यंत्रामुळे आपण आपल्या कल्पनेतल्या चित्राच्या अधिक जवळ जातो, असे त्या म्हणत. यात खरे किती, हे ठरवायला त्यांच्या एका कामाकडे पाहू.

व्हेराबाईंची आई हंगेरीत, आणि लेक पॅरिसमध्ये. आई लेकीला दर आठवड्याला पत्र लिही. आईचे अक्षर जुन्या वळणाचे. प्रत्येक ओळीची सुरुवात ताठ, रेखीव. ओळ उजवीकडे सरकेल तसतसे अक्षर अस्वस्थ होई, वाकडेतिकडे होई. वर्षे लोटली. आई म्हातारी झाली. पत्रातला ताठपणा हळूहळू गेला, आणि कंप तेवढा राहिला. पत्रे वाचता येईनाशी झाली. पण बघायला ती लेकीला फार आवडत. पुढे एक दिवस पत्रे यायची थांबली.

मग लेकीने काय केले? 1981 ते 1990 या काळात तिने संगणकाच्या साह्याने "माझ्या आईची पत्रे" ही चित्रमाला केली. कागदावर ओळीमागून ओळी. त्यांत एकही शब्द नाही, नुसती वर-खाली जाणारी अक्षरासारखी रेघ. डावीकडे ती शिस्तीत चालते, आणि उजवीकडे जाता जाता थरथरते. वर्षानुवर्षे आईच्या हाताकडे बघून तिने त्या कंपाचा नियम शोधला होता. तो नियम यंत्राला शिकवला, आणि बंद पडलेली पत्रे पुन्हा येऊ लागली.

मी वसतिगृहात राहून शिकत होतो तेव्हा माझ्या आईची निळी आंतरदेशीय पत्रे येत. ती चौथीपर्यंत शिकलेली. सुरुवातीचे "अनेक आशीर्वाद" मोठ्या अक्षरात, आणि जागा संपत आली की कडेने मुंगीसारखी बारीक अक्षरे. त्यांतला मजकूर आज मला नीटसा आठवत नाही. कडेने वळलेली ती ओळ मात्र डोळ्यांसमोर आहे. व्हेराबाईंची ती चित्रे मी छापील पुस्तकात प्रथम पाहिली, तेव्हा ही यंत्राने काढली आहेत असे कोणी सांगेपर्यंत मला खरे वाटले नाही.

आता मास्तरांच्या प्रश्नाकडे येतो. मोबाईलवर दोन ओळींत चित्र देणारे आजचे यंत्र आणि व्हेराबाईंचे यंत्र यांत एक मोठा फरक आहे. आजचे यंत्र इतरांनी काढलेली कोट्यवधी चित्रे चाळून तयार झालेले असते. ते कोणत्या नियमाने चालले, हे सांगणाऱ्याला कळत नाही. व्हेराबाईंच्या चित्रातली प्रत्येक पायरी त्यांनी स्वतः लिहिलेली होती. तेव्हा प्रश्न यंत्राचा नाही. यंत्राला सांगण्यासारखे आपल्याजवळ काही आहे का, आणि त्याने दिलेल्यातून निवडण्याइतका आपला डोळा तयार आहे का, हा प्रश्न आहे. आणि डोळा तयार होतो तो रेघ ओढूनच. आईच्या अक्षरातला कंप पकडणारी ही लेक आधी कित्येक वर्षे हाताने रेघा ओढत होती, हे विसरून चालणार नाही.

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. त्याला वीज लागत नाही, संगणक लागत नाही. चौकटीच्या कागदावर दहा बाय दहा अशी शंभर घरे आखा. प्रत्येक घरात एक सरळ चौकोन काढा. असे पाच कागद करा. एका पेल्यात 1 ते 10 आकड्यांच्या चिठ्ठ्या घाला. पहिली चिठ्ठी काढाल ती ओळ. चिठ्ठी परत टाकून दुसरी काढाल ते त्या ओळीतले घर. त्या घरातला चौकोन खोडून तिरका काढायचा. तेच घर पुन्हा आले तर पुन्हा चिठ्ठी काढा. पहिल्या कागदाला हात लावू नका. दुसऱ्यावर एकच चौकोन तिरका, तिसऱ्यावर पाच, चौथ्यावर वीस, पाचव्यावर पन्नास. पाचही कागद भिंतीवर टांगा आणि मुलांना एवढेच विचारा, तुझा डोळा कोणत्या कागदावर थांबतो? आणि का?

हाच प्रयोग मी त्या मास्तरांना पत्राने कळवला होता. परवा त्यांचे उत्तर आले. लिहितात, "सातवीत भांडण जुंपलं. निम्मी पोरं पाचवाल्या कागदाच्या बाजूची, निम्मी वीसवाल्या. तास संपला तरी हटेनात. एक मुलगी मात्र एकच तिरका चौकोन असलेल्या कागदासमोर उभी राहिली. विचारलं, का गं? तर म्हणाली, तो एकटा आहे ना, म्हणून."