आजारी माणसाचा फोटो कोणाचा?



वस्तीत कुणी आजारी पडलं की आपली माणसं धावून येतात. रिक्षा आणतात, रक्ताची सोय करतात, रात्रभर वॉर्डाबाहेर बसतात. आणि आता त्यातलंच कुणीतरी मोबाइल काढतं. सलाइन लावलेली आजी, नुकतंच जन्मलेलं बाळ, डॉक्टरांचा रिपोर्ट, सगळं पाच मिनिटांत नातेवाइकांच्या आणि मंडळाच्या ग्रुपवर जातं. हेतू चांगलाच असतो. पण ज्याचा फोटो, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

टीबीचा रुग्ण सहसा सहा महिने नियमित गोळ्या घेऊन बरा होतो. रिपोर्टचा फोटो मात्र फिरतच राहतो. त्यावरून बाईचं धुण्याभांड्याचं काम सुटू शकतं, मुलीचं जमलेलं लग्न मोडू शकतं. म्हणूनच रुग्णाची माहिती बाहेर बोलायची नाही, हे नर्सला शिकतानाच सांगितलेलं असतं. हीच शिस्त घरातही हवी.

हा आपला हक्कही आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे आणि संविधानाच्या कलम 21 मध्ये तो सामावलेला आहे. एचआयव्हीबाबत तर 2017 चा स्वतंत्र कायदाच आहे. आणि आपण विहारात रोज पंचशील म्हणतो. त्यातलं दुसरं शील न दिलेलं घेऊ नये असं सांगतं. न विचारता काढलेला फोटो हेही न दिलेलं घेणंच आहे.

मग उपचारासाठी मदत मागायचीच नाही का? जरूर मागा. आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, ते विचारा. तरीही आवाहन करावं लागलं, तर आजार, लागणारी रक्कम, दवाखान्याचं नाव आणि तारीख एवढं पुरे. तारीख नसली की मूल बरं झाल्यावरही मेसेज फिरत राहतो. लेकराचा उघडा चेहरा आणि आधार कार्ड टाकू नका. कागदपत्रं मदत देणाऱ्याने मागितली, तर त्यालाच दाखवा.

फोटो पाठवण्याआधी एवढं करा:

• रुग्णाला विचारा. तो नाही म्हणाला, तर विषय संपला. लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांना विचारा, आणि मूल समजतं असेल तर त्यालाही.

• रिपोर्टवरचं नाव, पत्ता, फोन नंबर यांवर कागदाची चिठ्ठी ठेवून मगच फोटो काढा. मोबाइलमधल्या पेनाने पुसट खोडलेलं पुन्हा वाचता येऊ शकतं.

• आधार द्यावंच लागलं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ चालेल का, ते विचारा.

• कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद ठेवा. नाहीतर फोटोसोबत घराचं ठिकाणही नोंदलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोत ती नोंद तशीच जाते.

• बाळंतिणीचे, अंघोळ करणाऱ्या बाळाचे, जखमांचे फोटो ग्रुपवर नकोतच. डॉक्टरांना दाखवायचे तर फक्त डॉक्टरांनाच पाठवा.

• स्टेटस 24 तासांनी जातं, पण तेवढ्यात कुणी स्क्रीनशॉट घेतला तर तो त्याच्याकडे राहतो. ‘डिलीट’ केलं तरी दुसऱ्याने साठवलेला फोटो पुसला जात नाही.

फोटो आधीच पसरला असेल तर गप्प बसू नका. पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनला तो काढायला सांगा. बाईचा किंवा मुलाचा अश्लील वा विवस्त्र फोटो असेल, तर तो स्वतः कुणालाही पुढे पाठवू नका. पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. खात्यातून पैसे गेले तर ताबडतोब 1930 ला फोन लावा.

येत्या रविवारी विहारात हा विषय काढा आणि आपल्या ग्रुपसाठी एक नियम ठरवा: रुग्णाच्या होकाराशिवाय त्याचा फोटो नाही. तब्येत विचारायची तर घरी जा, जवळ बसा. आजारी माणसाला त्यानेच बरं वाटतं.